देवनागरी अक्षरांचे प्रयोग: एका ‘गिरणी’ची पाटी

प्रयोगासाठी शब्द निवडताना स्वतःचं नाव घेऊ नका. सुलेखन शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी तेच करतो. आपलं नाव आपण इतक्यांदा लिहिलेलं असतं की त्यात अक्षरं दिसतच नाहीत, सही दिसते. ‘आई’, ‘प्रेम’, ‘विठ्ठल’ हेही नकोत. या शब्दांना लोक आधीच हात जोडून मोकळे झालेले असतात. तुम्ही कसंही काढा, ‘वा!’ मिळतेच, आणि अक्षराचं काय झालं ते कुणी बघत नाही. रोजच्या वापरातला, कोरडा शब्द घ्या. रद्दी, पंक्चर, इस्त्री, झेरॉक्स, गिरणी.

मी इथे ‘गिरणी’ घेतेय. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची पाटी माझ्याकडे आली होती आणि त्या निमित्ताने या तीन अक्षरांना मी सगळ्या बाजूंनी छळलंय. माझा मूळ धंदा डीटीपीचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं लावण्यात बरीच वर्षं गेली. हाताने अक्षरं काढायला नंतर लागले, तेही त्याच त्या फॉन्टना कंटाळून. त्यामुळे पुढे जे सांगतेय त्यात कलाशाळेचं थोडं आणि छपाईच्या दुकानाचं जास्त आहे.

सामान थोडकंच लागतं. ए-थ्री आकाराचे साधे कागद, एचबीच्या दोन पेन्सिली, रबरबँड, पट्टी, कात्री, काळा पोस्टर कलर, एक इंचाचा चपटा ब्रश आणि ट्रेसिंग पेपर. ट्रेसिंग पेपर परवडत नसेल तर स्वयंपाकघरातला बटर पेपर चालतो. मागच्या वर्षीचं कालनिर्णय फेकलं नसेल तर ठेवा. त्याच्या पाठीमागे मजकूर असतो म्हणून लिहायला उपयोगी नाही, पण कात्रीकामाला त्या कागदाची जाडी अगदी बरोबर पडते. महागडी कॅलिग्राफी पेनं आत्ता घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल.

आधी हाडं

पेन्सिलीने, एकाच जाडीच्या रेषेत, शब्द मोठा काढा. शिरोरेषेपासून पायापर्यंत सहा सेंटिमीटर, वर वेलांटीसाठी तीन सेंटिमीटर मोकळे. उकार असलेला शब्द असेल तर खालीही तेवढेच सोडा. सुंदर काढायचं नाही, फक्त सांगाडा हवा.

आता दंड, म्हणजे अक्षरांतल्या उभ्या रेषा, मोजा. देवनागरीत शब्दाची चाल दंडांवर ठरते. ग, च, त, प, म, स यांचा दंड उजव्या कडेला असतो. क आणि फ यांचा पोटातून जातो. ट, ठ, ड, ढ, द, र, ह, ळ यांना पूर्ण दंडच नाही. म्हणून ‘गणपती’ हा शब्द लिहिला की कुंपणासारखे एकामागून एक दंड उभे राहतात, आणि ‘दहीहंडी’त दंड दिसतात ते फक्त वेलांट्यांचे. फॉन्ट तोच, आकार तोच, तरी दोन्ही शब्दांचा काळेपणा वेगळा दिसतो तो यामुळे.

‘गिरणी’त काय आहे? पहिल्या वेलांटीचा दंड, ग चा दंड, मग मधे बिनदंडाचा एकटा र, मग ण चा दंड आणि लगेच त्याला खेटून दीर्घ वेलांटीचा दंड. दोन्ही टोकांना गर्दी आणि मधे खड्डा. हा शब्द तुम्ही कितीही नटवलात तरी तो र मधे भोक पाडणारच. त्यावर इलाज आधी शोधायचा, नटवणं नंतर.

इलाज सोपा आहे. प्रत्येक अक्षर ट्रेसिंग पेपरवर वेगळं उतरवा, कापा, आणि टेबलावर सरकवून बघा. अंतर पट्टीने मोजायचं नाही. र च्या खाली डावीकडे बरीच पांढरी जागा असते, म्हणून र ला ग च्या दंडाकडे वाटतं त्याहून जास्त सरकवता येतं. ण आणि दीर्घ वेलांटी यांच्यात उलट थोडी हवा सोडावी लागते. जमलं असं वाटलं की तुकडे चिकटपट्टीने धरा आणि कागद उलटा करून बघा, पाय वर. वाचता येईनासं झालं की डोळा पांढऱ्या जागा बघायला लागतो, आणि जिथे खड्डा असेल तिथेच अडतो.

आणखी एक गोष्ट याच पायरीवर हेरून ठेवा. ग चा आकडा आणि ग चा दंड एकमेकांना कुठेच चिकटलेले नसतात. ण ची वाटी आणि दंड यांचंही तेच, श चंही तेच. त्यांना धरून ठेवते ती फक्त शिरोरेषा. पुढच्या एका प्रयोगात हे फार महागात पडतं.

दोन पेन्सिलींचं पेन

दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरून रबरबँडने घट्ट बांधा, टोकांमधे सुमारे एक सेंटिमीटर अंतर राहील अशा. गरज पडली तर मधे खोडरबराचा तुकडा घाला. हे झालं तुमचं रुंद निबाचं पेन. याची गंमत अशी की अक्षराच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या दिसतात, आणि जाड-बारीक कुठून येतं ते उघडं पडतं.

आता कोन. डावी पेन्सिल वर आणि उजवी खाली धरा, म्हणजे दोन टोकांना जोडणारी रेघ डावीकडून उजवीकडे उतरती राहील. याच कोनात हात न फिरवता ‘व’ काढा. उजव्या वरच्या बाजूकडून डाव्या खालच्या बाजूकडे जाणारी रेषा जाड येईल, आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. देवनागरीचा भर असा पडतो. रोमन अक्षरांत तो बरोबर उलटा. म्हणूनच बोरू, म्हणजे काडीची लेखणी, देवनागरीसाठी तिरका कापतात, आणि म्हणूनच रोमनसाठी बनवलेलं सरळ टोकाचं महाग पेन घेऊन बसलात की ‘क’ परदेशी दिसायला लागतो. मनगट वळवून त्यावरही मात करता येते, पण सुरुवातीला नाही. डावखुऱ्यांसाठी एक आनंदाची बातमी: तुमचा हात हा कोन आपोआप धरतो. आयुष्यात एकदा तरी कात्री, बाक आणि पंक्तीतलं ताट यांची भरपाई झाली म्हणा.

कोन पंचेचाळीस अंश ठेवलात तर दंड आणि शिरोरेषा सारख्या जाडीच्या येतात. पेन्सिलींची रेघ थोडी आडवी केली, तीस अंशांपर्यंत, की दंड जाड आणि शिरोरेषा बारीक. उभी केली की शिरोरेषा जड होते आणि दंड सुकतात. ‘गिरणी’ तिन्ही कोनांत काढा. बाकी काही बदलू नका: उंची तीच, अंतर तेच, कागद तोच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मी सगळ्या प्रयोगांना लावते, नाहीतर चांगलं कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुन्हा करता येत नाही. माझ्या डोळ्याला पाटीसाठी चाळीसच्या आसपासचा कोन बरा वाटतो. लग्नपत्रिकेला तीस.

उत्तम नमुना बघायचा असेल तर घरातली जुनी पोथी काढा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची असेल तर नशीब. जावजी दादाजींनी उभारलेल्या या छापखान्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे एकोणिसाव्या शतकातले आहेत, पण त्यातला ‘अ’ ट्रेस करून पाहा. आपण दोन पेन्सिलींनी जे शोधतोय ते तिथे पोलादात कापलेलं आहे.

शिरोरेषा काढून टाकून पाहा

हा प्रयोग सगळ्यांना आवडतो. शिरोरेषा काढून टाकली की अक्षरं एकदम आधुनिक वाटतात, आणि गुजरातीने ती सोडलीच आहे की, असा युक्तिवादही हाताशी असतो. पण गुजरातीत ती नाही म्हणून तिथली अक्षरं त्या हिशेबाने घडली आहेत. आपण फक्त छप्पर काढतो आणि भिंती तशाच ठेवतो.

आधी ‘घर’ आणि ‘धर’ लिहा. मग ‘भात’ आणि ‘मात’. घ वर पूर्ण शिरोरेषा असते, ध वर ती तुटते. म आणि भ यांचंही तसंच. रेषा गेली की डाव्या बाजूच्या छोट्याशा वळणावर सगळी भिस्त राहते. त्यामुळे शिरोरेषा काढायची असेल तर ध आणि भ यांचं ते वळण मोठं करा, ठळक करा, जवळजवळ अतिशयोक्ती करा. म आणि घ डावीकडे सपाट ठेवा.

‘गिरणी’त ही जोडी नाही, म्हणून वाटतं सुटलो. पण मघाशी हेरलेली गोष्ट आठवा. शिरोरेषा काढली की ग चे दोन तुकडे होतात, ण चे दोन तुकडे होतात, आणि आधीच चार दंड आहेत. आता कुठला दंड अक्षराचा, कुठला वेलांटीचा, कुठला काना, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मी ही आवृत्ती काढून शेजारच्या दुकानात दाखवली तेव्हा माणूस बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘गुजराती आहे का?’

यातून तीन वाटा निघतात. पहिली, आकडा आणि दंड यांना खाली किंवा मधे बारीक रेषेने जोडून टाकायचं. हाताने भरभर लिहिताना अनेक जण ग असाच लिहितात, त्यामुळे डोळ्याला ते परकं नाही. दुसरी, अक्षराच्या आतलं अंतर कमी आणि दोन अक्षरांमधलं अंतर दुप्पट करायचं. तिसरी, शिरोरेषा पूर्ण न पुसता प्रत्येक अक्षराला तिचा फक्त आपापला तुकडा ठेवायचा आणि मधे फट. मला तिसरी जास्त आवडते. त्या फटी कमी-जास्त करत बसलात तर एक अख्खी दुपार सहज जाते.

उलट्या दिशेनेही जा. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं खाली लटकवत. तुम्हीही आधी जाड शिरोरेषा ओढा आणि मग हात न उचलता ‘गिरणी’ लिहायचा प्रयत्न करा. अक्षरं एकमेकांत घुसतील, वळणं गोल होतील, आणि काही जोड असे सापडतील की जे विचार करून कधी सुचले नसते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळत नसत, हे लक्षात ठेवा. आपल्याला तो पाळायचाय. मोडीची ही लवचीकता आजच्या सुलेखनात आणण्याचं मोठं काम अच्युत पालव यांचं. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या अक्षरांकडे बघताना रंगांकडे दुर्लक्ष करा आणि फक्त हात कुठे उचलला गेला असेल ते शोधा.

भर किती वाढवायचा

चपटा ब्रश आणि पोस्टर कलर आता. कात्रीने अक्षर कापून काढलंत तरी चालेल, उलट जास्त बरं, कारण कात्री नखरे करू देत नाही.

अक्षर जाड करायचं म्हणजे बाहेरून फुगवायचं असं नवशिक्याला वाटतं. पाटीची उंची ठरलेली असते, त्यामुळे बाहेर फार जागा नसते, जाडी आतच वाढते आणि आतली पांढरी जागा खाते. ग आणि र खूप सहन करतात. क्ष, ज्ञ, छ, झ लगेच गुदमरतात. म्हणून जाड अक्षरांचा प्रयोग नेहमी सर्वांत गुंतागुंतीच्या अक्षरापासून सुरू करायचा. तुमच्या शब्दात तसं अक्षर नसेल तरी एकदा ‘क्ष’ काढून बघा. तिथे जी जाडी मावेल ती कुठेही मावते.

या बाबतीत ‘मोदक’ नावाचा फॉन्ट उघडून बघण्यासारखा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा आहे, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला, आणि फुकट मिळतो. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी उरलेलीच नाही, तिथे फक्त बारीक पांढरी चीर आहे. आणि तरीही वाचता येतं. पोकळीऐवजी चीर ठेवली तरी डोळा अक्षर ओळखतो, हे मला त्या फॉन्टने शिकवलं. त्याच गटाचा ‘मुक्ता’ शेजारी लावा, तो मजकुरासाठीचा, सरळसाधा. दोन्हीत ‘गिरणी’ टाइप करून मोठी छापा आणि एकावर एक ट्रेस करा. काय बदललं यापेक्षा काय बदललं नाही, ते बघायचं.

दोन वेलांट्या

आता या शब्दातली खरी मजा. ‘गिरणी’त ऱ्हस्व वेलांटी डावीकडून निघते आणि ग वरून उजवीकडे वळते. दीर्घ वेलांटी उजव्या टोकाला उभी राहते आणि ण वरून डावीकडे वळते. म्हणजे दोघी एकमेकींकडे तोंड करून आहेत आणि मधे, त्या खड्ड्यातल्या र च्या वर, मोकळं आभाळ आहे. ही रचना शब्दातच होती, मी काही केलं नाही.

आमच्या गिरणीत अजून मोटरवरून जात्याकडे जाणारा लांब पट्टा आहे. फटफट आवाज करत फिरतो. दोन वेलांट्या लांबवून र च्या वर जोडल्या तर शब्दावरून एकच पट्टा गेल्यासारखं दिसेल, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. काढून पाहिलं. दिसायला झकास. आणि वाचता येईना.

कारण ऱ्हस्व वेलांटीचं टोक कुठे संपतं यावर ती कुठल्या अक्षराची ते ठरतं. चांगल्या छपाईत ते टोक नेमकं त्या अक्षराच्या दंडावर येऊन थांबतं. ते पुढे र वर गेलं की डोळा गोंधळतो. आणि दोन्ही वेलांट्या एक झाल्यावर तर त्या वेलांट्या राहतच नाहीत, नुसती कमान होते, आणि शब्द ‘ागरणा’सारखा काहीतरी दिसायला लागतो.

अशा वेळी कल्पना टाकून द्यायची नसते, तिला लगाम घालायचा असतो. मी काय केलं ते सांगते. पट्ट्याची जाडी सगळीकडे सारखी ठेवायचा हट्ट सोडला. वेलांटी ज्या अक्षराची आहे त्या अक्षरावर ती पूर्ण जाड ठेवली. ग च्या दंडावर आली की तिला तिथे किंचित खाली टेकवली, शिरोरेषेला स्पर्श होईल इतकी, आणि तिथून पुढे र वरचा पूल एकदम बारीक केला, जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. पलीकडे ण ची हद्द लागली की पुन्हा जाड. जवळून बघितलं तर पट्टा अखंड आहे. दुरून बघितलं तर पूल दिसत नाही आणि दोन वेलांट्या आपापल्या जागी उभ्या आहेत.

मग रंगाचा मोह झाला. पूल लाल, बाकी काळं. करून पाहिलं आणि परत काळा केला, कारण लाल झाल्यावर सगळं लक्ष पुलाकडे जातं आणि ‘बघा, मी काय शोधलं’ असा सूर लागतो. गिऱ्हाइकाला दळण घेऊन यायचंय, तुमची हुशारी बघायला नाही.

तुमच्या शब्दात असं काही आहे का ते शोधायची युक्ती: शब्दाचा शिरोरेषेवरचा भाग आणि पायाखालचा भाग, एवढेच ट्रेसिंग पेपरवर उतरवा. मधली अक्षरं काढायचीच नाहीत. वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, उकार यांचीच एक रांग दिसेल. ‘पंक्चर’मधला एकाकी टिंब, ‘मुळूमुळू’मधले चार उकार. ‘हिरवीगार’मध्येही दोन वेलांट्या समोरासमोर येतात, तिथेही पूल र वरूनच जाईल. प्रयोगाची जागा बहुतेक वेळा इथे असते, अक्षरांच्या पोटात नाही. ‘रु’ आणि ‘रू’पासून मात्र सावध, तिथे उकार खाली न लागता र च्या कमरेला लागतो, आणि घाईत दोन्ही सारखेच निघतात.

जोडाक्षरं, ळ आणि दोन मराठी खुणा

जोडाक्षरांवर वेगळं पुस्तक होईल, म्हणून थोडक्यात. प्रत्येक जोडाक्षर दोन प्रकारे काढून बघा: आडवं, म्हणजे अर्धं अक्षर शेजारी, आणि उभं, म्हणजे एकाखाली एक. ‘रद्दी’ आणि ‘चिठ्ठी’ उभ्या रचनेत पाटीची उंची वाढवतात, आडव्या रचनेत पाय मोडलेला दिसतो. मला उभी जास्त देखणी वाटते, पण उंची कमी असलेल्या पट्टीवर ती जमत नाही.

‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘डावखुऱ्या’ यांतला र रफार नाही, तो त्या छोट्या आडव्या वळणाने लिहायचा. ही मराठीची खूण आहे. रफार देऊन ‘कुर्हाड’ काढलेली पाटी दिसली की माझा तरी त्या दुकानातला रस संपतो. तसंच पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनाच्या प्रमाणित वर्णमालेत हेच आहेत, पण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आधी येतात. हाताने काढताना तरी आपले काढा. आणि ळ तर प्रयोगासाठीच जन्माला आलाय: दोन गोल पोटं, दंड नाही, डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी. ‘कमळ’ किंवा ‘बाभूळ’ घेऊन बसा.

वस्तू चिकटवू नका

‘तलवार’मधल्या कान्याची तलवार करणं, ‘पाऊस’च्या शिरोरेषेतून थेंब गाळणं, ‘भूत’ला रक्त. हे प्रत्येकाला सुचतं आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचलं. गिरणीच्या पाटीवर गव्हाची लोंबी काढा असा आग्रह मलाही झालाच. लोंबी काढायची तर शेजारी काढा, अक्षरात नको.

अक्षराने अर्थ सांगायचा तो आपल्या वजनाने, वेगाने, कोनाने. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हाताने काढलेली मराठी नाटकांची शीर्षकं जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत सापडतात. जमवा, मोठी करून छापा आणि नाटकाचं नाव झाकून एकेक अक्षर बघा. एका अक्षरावरून नाटक गंभीर की विनोदी ते ओळखता येतं का, असा खेळ घरात खेळता येतो.

वाचून घ्या

पाटी झाली की कुणालाही ‘कसं वाटतं?’ विचारू नका. छानच म्हणतात. ‘काय लिहिलंय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. नुकतं वाचायला शिकलेलं मूल सर्वांत चांगलं, कारण ते अंदाज करत नाही, अक्षर अक्षर लावतं. त्यानंतर रस्त्याच्या पलीकडून, मग चालत्या रिक्षातून. मोबाइलवर फोटो काढून तो नखाएवढा छोटा करून बघितला तरी रिक्षाचं भाडं वाचतं.

संगणकावर घेताना

कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून फोटो काढा. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फोटो टाका. त्यातलं आपोआप ट्रेस करणारं बटण पहिल्यांदा वापरून बघाच, म्हणजे ते का वापरू नये ते कळेल: प्रत्येक कडेवर बिंदूंची नुसती खिचडी होते आणि एक वळण सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. फोटो खाली फिका ठेवून पेन टूलने स्वतः काढा. बिंदू वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकावर टाका, अधेमधे नको. ग चा आकडा किती थोड्या बिंदूंत होतो ते बघून आश्चर्य वाटेल. पूर्ण फॉन्टच करायची हौस आली तर फाँटफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, पण मराठीचा फॉन्ट म्हणजे जोडाक्षरांसकट शेकडो आकार, हे आधी घरच्यांना सांगून ठेवा.

पाटीवर अक्षरांबरोबर टाइप केलेला मजकूर असेल, वेळ, फोन वगैरे, तर युनिकोड फॉन्ट घ्या आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. भाषा म्हणून मराठी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपोआप आपल्या वळणाचे होतात. हिंदी निवडलेली राहिली तर होत नाहीत.

फ्लेक्सच्या दुकानात फाइल पाठवताना सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पाठवा. तिथे अजून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम चालतं, तुमचा फॉन्ट त्यांच्याकडे नसतो, आणि उघडल्यावर जे दिसेल तेच ते छापतात. एकदा एका दुकानाने माझ्या मजकुरातल्या सगळ्या अनुस्वारांच्या जागी चौकोन छापून दिले आणि ‘तुमच्या फाइलमध्येच तसं होतं’ म्हणून पैसेही घेतले. तेव्हापासून फाइलसोबत पीडीएफ आणि मोबाइलवर एक फोटो, ‘असंच दिसलं पाहिजे’ असं लिहून.

रेडियम कटिंग करून घेणार असाल, रिक्षावर किंवा काचेवर लावायला, तर दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा ठेवू नका. मशीन कापतं, पण मधला नको असलेला भाग नखाने सोलून काढताना बारीक रेषा सोबत निघून येते. माझा र वरचा पूल याच कारणाने रेडियमवाल्या आवृत्तीत तीन मिलिमीटरचा करावा लागला, आणि त्याप्रमाणे वेलांट्या आणखी जाड. ऑइल पेंटने रंगवून घेणार असाल तर ही अडचण नाही. पेंटरला एकास एक आकाराची प्रिंट द्या, तो मागून खडू घासून भिंतीवर ठसा घेईल. फक्त पूल कुठे बारीक होतो तिथे बाण काढून ठेवा, नाहीतर तो हाताच्या सवयीने सरळ जाड ओढून मोकळा होतो.